समुद्रानं नेलेली स्मॅकची माणसं

इना फ्लेट माझ्या मासे-चिप्सच्या दुकानाचं दार ढकलताना दिसली की मी मिठाची बरणी गल्ल्यामागं सरकवत असे. भीतीनं नव्हे, सवयीनं. बरणी समोर राहिली तर ती स्वतःच उचलून बाजूला ठेवायची आणि रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची, "रेमो, तुझ्या आजोबांनी या गावाला चिप्स खायला शिकवलं. तू मरायला शिकवतोयस." मग स्वतःसाठी एक हॅडक घ्यायची, वरचं कुरकुरीत आवरण सोलून कागदात ठेवायची आणि आतला मासा तेवढा खायची. पैसे मात्र आवरणासकट द्यायची, म्हणून मी तोंड उघडत नसे.

आजोबा इटलीहून निघाले ते थेट स्कॉटलंडच्या या वाऱ्याच्या किनाऱ्यावर, स्कारनेसला, येऊन थांबले आणि गुरांच्या चरबीत मासे तळायला लागले. आमची तिसरी पिढी झाली, तरी गावाला मी 'इटलीवाल्याचा रेमो'च. त्याचं मला काही वाटत नाही. इथं टोपणनाव नसलेल्या माणसाला ओळखच नसते. चार घरं सोडली तर अख्खं गाव फ्लेट. 'जो फ्लेट' अशी हाक मारली तर बंदरावरची निम्मी डोकी वळतील. म्हणून प्रत्येक घराण्याला मागं एक शेपूट असतं. फ्लेट किंग, फ्लेट कोडी, फ्लेट बोझी. इना फ्लेट स्मॅकांची सून. नवरा विल्सन, तो गेला. मुलगा अँड्रू, तो बापाच्याच बोटीवर खेकडे आणि शेवंड धरायचा.

माझ्या दुकानाला लागून हृदयसंस्थेचं दुकान आहे. लोकांनी दिलेले जुने कोट, कपबशा, चित्रकोडी, एखादा सोफा, असं सगळं तिथं विकतात आणि मिळकत हृदयावरच्या संशोधनाला जाते. इना ते दुकान सांभाळायची. परगावचे लोक म्हणायचे, बाई किती प्रेमानं काम करते. आम्हाला खरं माहीत होतं. ती तिथं आली ती हृदयावरच्या प्रेमापोटी नव्हे, बेलावरच्या रागापोटी.

बेला म्हणजे जो कोडीची बायको आणि जीवरक्षक बोटीच्या निधीसमितीची प्रमुख. जीवरक्षक बोट आमच्याकडं चर्चपेक्षा वरच्या पायरीवर. ज्या बायकांच्या माहेरचं वा सासरचं माणूस समुद्रानं नेलंय त्या या समितीत असतात, हा न लिहिलेला नियम. विल्सन गेल्यानंतर इनाही गेली. बोटीच्या निधीसाठी वर्षातून एकदा मोठा दिवस भरतो, त्या दिवशी सूप कोण करणार याची वाटणी झाली तेव्हा बेलानं तिला भांडी घासायला लावलं. ना डोळ्याला डोळा भिडवला, ना एक शब्द धड बोलली. इनानं एप्रन काढला, घडी घातली, बेलाच्या हातात दिला आणि घरी गेली. त्याच आठवड्यात हृदयसंस्थेच्या नव्या दुकानाच्या काचेवर 'मदतीला माणूस हवं' अशी पाटी लागली होती.

रागानं सुरू केलेलं काम तिनं इतकं मनावर घेतलं की गावाला जगणं नको झालं. संस्थेची पत्रकं ती पाठ करायची आणि आम्हाला म्हणून दाखवायची. जेवणानंतर बंदराच्या टोकापर्यंत चाला. सिगारेट सोडा. आठवड्यातून दोनदा मासे खा. हे शेवटचं ऐकून तर जुने खलाशी खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. आमचं गाव मासे धरतं, विकतं, माशांवर जगतं, पण घरी खातं ते खिमा, मांस भरलेली पेस्ट्री आणि चरबीनं थबथबलेले बटरी नावाचे पाव. पॉरिजमध्ये मीठ घालू नका असं तिनं चर्चच्या दारात सांगितलं तेव्हा पाद्रीबुवाही दोन पावलं मागं सरले.

दर फेब्रुवारीत ती चर्चच्या सभागृहात सूप आणि गोडाचं जेवण ठेवायची. तिकिटाची सगळी रक्कम संस्थेला. त्या दिवशी सगळ्यांनी अंगावर काहीतरी लाल घालायचं. सत्तरीचे म्हातारे बायकोचे लाल स्कार्फ बांधून निमूट येऊन बसायचे. सूप बिनमिठाचं. माणसं खिशात मिठाची पुडी घेऊन यायची आणि इनाची पाठ वळली की टेबलाखालून पुडी फिरायची. ती पुडी मी पुरवायचो, हे तिला ठाऊक होतं. तरी ब्रेड वाढायला दरवर्षी मलाच बोलवायची.

एका वर्षी त्या जेवणाला ॲबरडीनहून डॉक्टर आली. आयली रेनी नाव, तिशीतली, नखं कुरतडलेली, बोलताना हात मागं बांधून उभी राहणारी. तिच्या संशोधनाचा खर्च संस्था उचलायची. इनानं तिची ओळख करून दिली ती अशी: "आपल्या जुन्या पँटी विकून शिकवलेली डॉक्टर आहे. तोंडातला चमचा खाली ठेवून ऐका."

डॉक्टर सांगायला लागली. एक आजार असतो, म्हणाली, तो चरबीनं येत नाही की मिठानं येत नाही. तो रक्तातून उतरतो. हृदयाचा स्नायू आतून जाड होत जातो. माणूस बाहेरून धडधाकट, ओझी उचलणारा. एक दिवस जोर लावताना हृदयाचा ताल बिघडतो आणि माणूस उभ्याचा खाली येतो. वेळेत कळलं तर औषधं आहेत, छातीत बसवायचं यंत्र आहे. पण कळत नाही, कारण घरचे चुकीच्या ठिकाणी शोधतात. आमच्याकडं कुणी हृदयानं गेलं नाही म्हणतात. "हृदयानं गेलेलेच मोजू नका," ती म्हणाली. "सरळ रस्त्यावर गाडी झाडावर घातलेला कुणी आहे का बघा. पोहता येत असून बुडालेला कुणी आहे का. ज्याचं मरण अपघात म्हणून मिटवून टाकलं, असा कुणी."

मी ब्रेडची टोपली घेऊन इनाच्या शेजारी उभा होतो. ती पातेल्यातून कुणाच्या तरी वाडग्यात सूप घालत होती. पळी तिरकी झाली ती तशीच राहिली. सूप वाडग्यातून बशीत आलं, बशीतून टेबलावर. समोरचा म्हातारा किंग रुमालानं पुसत राहिला.

तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते माझ्याही डोक्यात आलं, आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण एवढी वर्षं ते आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. विल्सन जूनमधल्या सकाळी गेला. वारा नाही, लाट नाही, पाणी ताटासारखं सपाट. बोट बंदराच्या तोंडाशी, शेवंडांचे पिंजरे वर ओढत होते. त्याचा थोरला भाऊ असाच, चांगल्या हवेत, किनारा दिसत असताना. त्यांचा बाप त्याच्याही आधी. तिघांपैकी एकाचाही देह मिळाला नाही, त्यामुळं एकही डॉक्टरच्या टेबलावर आला नाही. गावानं आपला हिशेब करून टाकला होता. समुद्राला स्मॅक आवडतात, असं आम्ही म्हणायचो. दुसऱ्या कुठल्या गावात असं तीनदा झालं असतं तर माणसांनी विचारलं असतं, अरे, वादळ नसताना ही माणसं पडतात कशी? आमच्याकडं विचारत नाहीत. समुद्रानं नेलं म्हटलं की विषय संपला.

आणि बोटीवरून परत आलेल्या माणसाला तर मुळीच विचारायचं नाही. ती आमची सगळ्यात पक्की रीत. त्याला विचारणं म्हणजे तू का परत आलास असं विचारणं. लोक त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, त्याच्यासमोर व्हिस्की ठेवतात, आणि मेलेल्याचं नाव पुन्हा त्याच्यादेखत घेत नाहीत. त्या सकाळी विल्सनबरोबर बोटीवर जो कोडी होता. बेलाचा नवरा.

इनानं मुलाला डॉक्टरकडं चल म्हटलं. अँड्रूनं ते हसण्यावारी नेलं. तिनं पुन्हा म्हटलं तेव्हा चिडला. त्याचंही चूक नव्हतं. दर्यावर जायला तब्येतीचा दाखला लागतो. हृदयात काही निघालं की दाखला जाणार, दाखला गेला की बोट जाणार. त्याला दुसरं काही येत नव्हतं आणि यावं असंही वाटत नव्हतं. "आई, बाबांना समुद्रानं नेलं," तो तिला म्हणाला. "तुझ्या पत्रकांसाठी त्यांना आता आजारी करू नकोस."

हे तिनं मला सांगितलं तेव्हा ती दुकानात जुन्या चादरींच्या घड्या घालत होती. एकच चादर ती पुन्हापुन्हा उलगडून घडी घालत होती.

पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी माझ्याकडं नेहमीसारखी रांग दारापर्यंत गेली होती. इना आली. तिनं मिठाच्या बरणीकडं पाहिलंही नाही, तेव्हाच मी समजलो की काहीतरी बिनसलंय. रांगेत पुढं जो कोडी उभा होता, दोन हॅडकची वाट बघत. मोठा आडदांड माणूस, पण इना आत आली की तो खांदे आवळून लहान व्हायचा. इतकी वर्षं आम्ही ते पाहत होतो. इना रांग सोडून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"जो, माझा नवरा कसा गेला?"

 मी तळणीची आच कमी केली, का ते मला सांगता येणार नाही. कुणीतरी मागचं दार उघडून बाहेर गेलं. जो माझ्याकडं बघायला लागला, जणू मीच त्याला सोडवणार होतो. मग त्याच्या लक्षात आलं की ही बाई हलणार नाही.

"पडला नाही तो," जो म्हणाला. "सगळे पडला म्हणतात. तो पडला नाही, इना. तो बसला. दोर ओढत होता, दोर खाली ठेवला, अगदी नीट ठेवला, आणि काठावर बसावं तसा बसला, आणि मागं गेला. हाक नाही, काही नाही. पाण्यात हातसुद्धा मारले नाहीत. माझ्या हातात त्याची बाही आली होती. रबरी कोट, ओला. निसटली." तो थांबला. "मी ओढलं होतं. तुला वाटत असेल ओढलं नाही."

"मला कधीच तसं वाटलं नाही," इना म्हणाली. "मला वाटायचं त्यानं तुला हाक मारली असेल आणि तू ते मला सांगू शकत नाहीस."

जो कोडीला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. इनानं त्याला डॉक्टरनं सांगितलेलं सांगितलं, हळू आवाजात, शिकवणीच्या सुरात नव्हे. पाण्याला लागायच्या आधीच तो गेला होता. बाही हातात राहिली असती तरी तू त्याला आणू शकला नसतास. जो दोन्ही हात माझ्या गल्ल्यावर टेकून उभा राहिला. त्याचे मासे करपले. मी दुसरे तळले, आणि त्या संध्याकाळी रांगेतल्या कुणीही घाई केली नाही.

दुसऱ्या दिवशी जो अँड्रूला गाठायला धक्क्यावर गेला. ही हकीकत मला जोनं नंतर सांगितली. बोटीपाशी मेलेल्याचं नाव काढणं म्हणजे आमच्याकडं अपशकुनच. तरी त्यानं काढलं. तो म्हणाला, तुझा बाप त्या हिवाळ्यात पिंजरे ओढता ओढता मध्येच थांबायचा. गुडघ्यावर हात टेकून वाकायचा. काय झालं विचारलं तर म्हणायचा, बुटाची नाडी बांधतोय. आम्ही हसायचो. गमबुटाला नाडी कुठली?

 अँड्रूबरोबर बोटीवर काम करणारा गडी मान खाली घालून जाळं विणत बसला होता, त्याचे हात थांबले. मग अँड्रू म्हणाला, "मी चाकू शोधतो." खाली वाकून फळ्यांवर चाकू शोधायचा, छातीतली धडधड थांबेपर्यंत. चाकू सगळा वेळ पट्ट्यालाच असायचा.

तो तपासणीला गेला. आयली रेनीनंच केली. हृदय जाड झालेलं होतं, बरंच. बापाचं, काकाचं, आजोबांचं तेच असणार, असं ती म्हणाली, पण खात्रीनं कोण सांगणार. अँड्रूच्या छातीत गळपट्टीच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवलं. ताल बिघडला तर ते आतून धक्का देतं. दाखला गेला. वसंतात बोट विकली गेली, खालच्या बंदरातल्या माणसाला. नवा मालक ती घेऊन गेला तेव्हा अँड्रू धक्क्यावर आला नाही. इना आली होती. बोट वळून दिसेनाशी झाली तरी ती उभीच होती.

त्याला बंदराच्या कचेरीत काम मिळालं. बोटींना जागा द्यायची, दोर बांधून घ्यायचे, पर्यटकांच्या पोरांवर ओरडायचं. आईशी तो बोलेना. भांडण असतं तर बरं झालं असतं, पण तो रस्त्यात तिला मान लववायचा, परक्या बाईला लववावी तशी. ख्रिसमसला गेला, जेवला, मीठ मागितलं नाही, निघून गेला. इना मला म्हणाली, "पोरगा वाचवला मी, पण तो मला राहिला नाही." एवढंच. मग माझ्या तेलाची चौकशी करू लागली. चरबी सोडून मी तेल वापरायला लागलो होतो, तिला न सांगता, पण तिच्या नाकानं ओळखलं होतं. बेला मात्र एका दुपारी हृदयसंस्थेच्या दुकानात आली. हातात कपड्यांची पिशवी होती आणि तिच्यावर घडी घातलेला तोच जुना एप्रन. दोघी काय बोलल्या माहीत नाही. भिंत पातळ आहे, पण त्या दिवशी मी ऐकायचं टाळलं.

ख्रिसमसनंतरच्या जूनमध्ये जीवरक्षक बोटीच्या मोठ्या दिवशी दोन्ही समित्यांनी एकत्र सूप केलं, ही गावाच्या इतिहासातली पहिलीच वेळ. मिठाचं एक पातेलं, बिनमिठाचं एक. इना हृदयसंस्थेचा देणगीचा लाल डबा घेऊन गर्दीत फिरत होती आणि पर्यटकांच्या हातातलं आइस्क्रीम बघून नापसंती दाखवत होती. मी धक्क्यावर टेबल मांडलं होतं. हवा स्वच्छ, पाणी सपाट. एक पाहुणी बोट आत येत होती आणि तिचा दोर घ्यायला अँड्रू पुढं झाला. जो त्याच्या मागं उभा होता, उगाच, हल्ली तो अँड्रू असेल तिथं आसपास असायचा.

अँड्रूनं दोर झेलला. दोर ताणला गेला, त्यानं टाचा रोवून ओढला. आणि मग मी पाहिलं, त्यानं दोर सोडला नाही, खाली ठेवला. नीट ठेवला. धक्क्याच्या काठावर बसावं तसा तो बसला आणि पाण्याकडं कलला.

इनाच्या हातातला डबा पडला. नाणी दगडांवर घरंगळत पाण्यात गेली. ती जागची हलली नाही. मी तिच्याइतकं पांढरं पडलेलं माणूस पाहिलेलं नाही. जो पालथा पडून काठाशी पोचला होता आणि त्याच्या दोन्ही मुठींत अँड्रूच्या कोटाची बाही होती. त्यानं त्याला दगडांवर ओढून घेतलं. अँड्रूची मान लुळी पडलेली. मग त्याचं सगळं अंग एकदा उसळलं, आतून कुणीतरी लाथ मारावी तसं. पुन्हा काही नाही. आणि मग त्यानं श्वास घेतला, मोठा, घोगरा, आणि डोळे उघडून शिवी हासडली.

गर्दीतून कुणीतरी हसलं, कुणीतरी रडलं. अँड्रू उठून बसायला बघत होता, पण जो त्याच्यावर अर्धा आडवा पडून बाही धरून होता. त्याची बोटं पांढरी झाली होती.

"सोड की रे जो," अँड्रू म्हणाला. "बरा आहे मी. हात तुटेल."

जोला ऐकू येत नव्हतं. मी खांद्याला धरून पाहिलं, बेलानं नावानं हाक मारली, तो सोडेना. मग इना आली. ती दगडांवर गुडघे टेकून बसली, मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, आणि त्यानं तो झटकला नाही, दोन्ही हातांनी धरून ठेवला. दुसरा हात तिनं जोच्या मुठीवर ठेवला.

"सोड आता, जोसेफ," ती म्हणाली. "आणलास तू त्याला."

तेव्हा कुठं त्याची बोटं एकेक करून उघडली.